देणगी, तिकीट आणि मधली रेघ

मुलगी किंवा मुलगा अमेरिकेत शिकायला गेला की वर्षभरात घरात एक प्रश्न हमखास निघतो. फी भरता भरता आपण मेटाकुटीला आलोय, विद्यापीठाचा फुटबॉल सामना टीव्हीवर देशभर दिसतोय, स्टेडियम ओसंडून वाहतंय, आणि तरी तिथून देणगीची पत्रं येतात. तीही खेळासाठी! एवढा पैसा असताना ही मंडळी मागतात कशाला? आणि मागायला म्हणून पगारी माणसं ठेवतात, ती दिवसभर करतात तरी काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर हिशेबाच्या वहीत सापडतं, दुसऱ्याचं जरा लांबचं आहे.

१. स्टेडियम भरलेलं, तिजोरी नाही

मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून अधिक माणसं बसतात. म्हणजे वानखेडेच्या तिपटीहून जास्त, आणि मैदानावर खेळणारी सगळी पोरं कॉलेजातली. अशा मोठ्या विद्यापीठात खेळविभागाची चूल बहुतेक वेगळी असते. टीव्हीचे हक्क, तिकिटं, प्रायोजक आणि देणग्या या त्याच्या मिळकतीच्या मुख्य बाजू. खर्चाच्या बाजूला प्रशिक्षकांचे पगार, प्रवास, स्टेडियमसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते आणि शिष्यवृत्त्या.

शिष्यवृत्तीचा मुद्दा इथेच समजून घ्यायला हवा. खेळाडूला शिक्षण फुकट मिळतं, असं आपण म्हणतो. पण ती फी कुणी माफ केलेली नसते. खेळाडूच्या वतीने खेळविभाग ती विद्यापीठाला भरतो, राहण्याजेवणासकट. एकाच संस्थेच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे जातात हे खरं, पण पहिला खिसा भरण्याची जबाबदारी खेळविभागाचीच.

कमाई कोण करतं? जवळजवळ सगळीकडे दोनच खेळ : अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल. पोहणं, कुस्ती, वल्हवण्याच्या शर्यती, जिम्नॅस्टिक्स, तलवारबाजी हे सगळे खाणारे. शिवाय १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात समान संधी देणं बंधनकारक केलं. कायदा उत्तमच, त्यामुळे लाखो मुली मैदानावर आल्या. पण खेळांची आणि संघांची संख्या वाढली, तसा खर्चही वाढला. मोजकी बडी विद्यापीठं सोडली तर बाकीच्यांचा खेळविभाग स्वतःच्या कमाईवर उभा राहत नाही. तूट विद्यापीठ भरून काढतं, किंवा सगळ्या विद्यार्थ्यांच्या फीमध्ये ‘खेळ शुल्क’ म्हणून ती चढते. एकदाही सामना न पाहिलेला रसायनशास्त्राचा विद्यार्थीही ती भरतो.

टीव्हीचा करार ठरलेला असतो, स्टेडियमच्या खुर्च्या मोजून असतात. मनात आणलं तर वाढवता येईल अशी मिळकत एकच उरते, देणग्यांची. म्हणून देणग्या मागायला माणसं पगारावर ठेवतात. त्यांना तिकडे ‘फंडरेझर’ म्हणतात.

२. दहा डॉलर आणि रताळी

बाहेरच्याने पैसे द्यायचे आणि कॉलेजच्या पोरांनी खेळायचं, हे अगदी पहिल्या दिवसापासूनचं आहे. १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात न्यू हॅम्पशरमधल्या एका सरोवरावर बोटींची शर्यत झाली. अमेरिकेतला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना. पोरांचा खर्च उचलला एका रेल्वे कंपनीने, कारण तिला त्या मार्गावर प्रवासी हवे होते.

पण ठरवून, दरवर्षी, सामान्य माणसाकडून पैसे गोळा करण्याचं गाजलेलं उदाहरण दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन कॉलेजचं. साल १९३४, महामंदीचा काळ. संघाची दैना झालेली, प्रशिक्षकाच्या हातात पैसा नाही. रूपर्ट फाइक नावाच्या, क्लेमसनच्याच माजी विद्यार्थी असलेल्या डॉक्टरने एक मंडळ काढलं. आधीचा विचार माणशी ५० डॉलरचा होता. मंदीत ते कोण देणार? आकडा १० वर आणला आणि मंडळाचं नावच पडलं ‘मी वर्षाला दहा देतो’. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते आजही ‘आयपीटे’ म्हणून ओळखलं जातं. सुरुवातीच्या काळात काहींनी दहा डॉलरच्या बदल्यात दूध, रताळी आणि सलगमाचा पाला आणून दिला, असं क्लेमसनमध्ये सांगतात.

फाइकला जे कळलं होतं ते आजही या धंद्याचं पहिलं सूत्र आहे. रक्कम लहान असली तरी चालेल, सवय लागली पाहिजे. पंचविशीत २५ डॉलर देणारा पन्नाशीत २५ हजार देऊ शकतो, पण मधली पंचवीस वर्षं त्याचं नाव, पत्ता आणि कधी काय दिलं याची नोंद कुणीतरी नीट सांभाळलेली हवी. नव्याने नोकरीला लागलेल्या फंडरेझरचा बराच वेळ याच कामात जातो. गेल्या वर्षी दिलं आणि यंदा नाही, अशांची यादी काढायची, फोन करायचे, चुकलेले पत्ते दुरुस्त करायचे. फार रंगतदार काम नाही.

हे पैसे गोळा करणारी संस्था पुष्कळदा विद्यापीठापासून कायद्याने वेगळी असते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठात तिचं नाव आहे ‘ट्वेल्फ्थ मॅन फाउंडेशन’, बाराव्या गड्याची संस्था. १९२२च्या जानेवारीत एका सामन्यात गडी जखमी होऊ लागले, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला बोलावून गणवेश चढवायला लावला. तो सामना संपेपर्यंत कडेला तयार उभा राहिला, आणि मैदानात उतरायची वेळ काही आली नाही. न खेळलेल्या गड्याच्या नावाने देणग्या गोळा करण्याची ही कल्पना मला भारी हुशारीची वाटते. देणगीदारही शेवटी कडेलाच उभा असतो.

अशी यंत्रणा नसली की काय होतं, ते आपण १९५२ साली पाहिलं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं आणि पैसे नव्हते. सरकारकडे मागून झालं, लोकांत फिरून वर्गणी झाली. शेवटी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

३. खुर्चीचा भाव

आता या व्यवहाराच्या गाभ्याकडे येऊ.

मोठ्या फुटबॉल विद्यापीठात मधल्या रेषेजवळची चांगली खुर्ची नुसत्या तिकिटाच्या पैशांत मिळत नाही. आधी देणगी द्यायची, तेव्हा तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळतो. वर गुण असतात. किती दिलं, किती वर्षं सलग दिलं, माजी विद्यार्थी आहात का, या सगळ्याचे गुण जमतात आणि त्या क्रमाने खुर्च्या, पार्किंग, बाहेरगावच्या सामन्यांची तिकिटं वाटली जातात. वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला नव्या श्रीमंताने मागे टाकलं की फंडरेझरचा फोन तापतो.

मग ही देणगी म्हणायची की तिकिटाची वाढीव किंमत? अमेरिकेच्या आयकर खात्याने १९८४ साली सरळ सांगितलं : बदल्यात काही मिळत असेल तर ती देणगी नाही, करसवलत मिळणार नाही. झालं, विद्यापीठं हादरली. १९८६च्या करकायद्यात टेक्सस आणि लुईझियाना स्टेट या दोनच विद्यापीठांना सूट मिळाली. कायद्यात नावं नव्हती, वर्णन मात्र असं बेतलं होतं की ते दुसऱ्या कुणाला लागू पडू नये. बाकीच्यांनी अर्थातच आरडाओरडा केला, आणि १९८८मध्ये सगळ्यांसाठी तोडगा निघाला : अशा रकमेच्या ८० टक्के भाग देणगी धरायचा.

आकडे घालून बघू. समजा, खुर्चीच्या हक्कासाठी तुम्ही २,००० डॉलर दिले. त्यातले ८० टक्के, म्हणजे १,६०० डॉलर, करपात्र उत्पन्नातून वजा. तुम्ही ३५ टक्क्यांच्या करगटात असाल तर कर वाचला ५६० डॉलर. म्हणजे खिशातून खरे गेले १,४४०. उरलेला भार इतर करदात्यांनी उचलला. तिकिटाचे पैसे वेगळे, त्यावर सवलत नाही.

ही सोय जवळपास तीस वर्षं चालली. २०१७च्या करकायद्याने ती काढून टाकली, आणि २०१८च्या सुरुवातीपासून खुर्चीशी जोडलेल्या रकमेवर सवलत शून्य झाली. २०१७च्या डिसेंबरात अनेक विद्यापीठांनी देणगीदारांना कळवलं, पुढच्या हंगामाचे पैसे ३१ तारखेच्या आत भरा! आणि लोकांनी भरले.

देणगी आणि खरेदी यांच्यातली रेघ ही अशी हलती आहे. या क्षेत्रातला फंडरेझर आयुष्यभर तिच्यावरूनच चालतो. रुग्णालयासाठी किंवा ग्रंथालयासाठी पैसे मागणाऱ्याला हा त्रास इतका नसतो, कारण ग्रंथालयाच्या देणगीदाराला पुढच्या रांगेत बसायचं नसतं.

४. मोठी रक्कम कशी मागतात

वार्षिक देणगी फोनवर मिळते, मोठी देणगी माणूस भेटल्याशिवाय मिळत नाही. अनुभवी फंडरेझरकडे साधारण शंभर-दीडशे नावं असतात आणि तो ती वर्षानुवर्षं सांभाळतो.

समजा, एक माजी जलतरणपटू आहे. वय अठ्ठावन्न, स्वतःची दंतवैद्यकीय उपकरणांची कंपनी. आजवर दरवर्षी ५०० डॉलर देत आलाय. पहिल्या भेटीत पैशाचा विषय काढायचा नसतो. पहाटे पाचच्या सरावाला कोण उठवायचं, रिलेतले बाकीचे तिघे आता कुठे असतात, कोणत्या प्रशिक्षकाचं काय खटकलं, हे विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं. संध्याकाळी हॉटेलवर परत आलं की सगळं लिहून काढायचं : बायको त्याच विद्यापीठाची, धाकटी मुलगी यंदा बारावीला, जुना तलाव बुजवल्याचा राग अजून आहे. ही टिपणं म्हणजे या धंद्याचं भांडवल. फंडरेझर नोकरी सोडून गेला तरी ती विद्यापीठाकडे राहतात.

वर्ष-दीड वर्षाने, चार-सहा भेटींनंतर, मागणी होते. ती गोलमोल नसते. “तुम्ही दोघं मिळून येत्या पाच वर्षांत अडीच लाख डॉलर द्यायचा विचार कराल का? नव्या तलावाच्या एका मार्गिकेला तुमच्या रिले संघाचं नाव देता येईल.” एवढं बोलून थांबायचं. नवशिके इथे घसरतात. समोरचा विचारात पडला की त्यांना ती शांतता सोसत नाही आणि ते स्वतःच म्हणून टाकतात, “म्हणजे दीड लाख दिले तरी चालतील.” एका वाक्यात एक लाख डॉलर गेले.

नावाचं आकर्षण काय असतं, हे आपल्याला समजावून सांगायला नको. गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडात शेवटच्या कुस्तीचं इनाम कुणी लावलं ते निवेदक हलगीच्या तालावर पुकारतो आणि त्या माणसाला मैदानात आणून फेटा बांधतात. अमेरिकन विद्यापीठात तेच चालतं, फक्त ते दगडात कोरतात. स्टेडियमला नाव, कपाटांच्या खोलीला नाव, प्रशिक्षकाच्या पदालाही नाव. स्टॅनफर्डमध्ये फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाच्या पदाला ब्रॅडफर्ड फ्रीमन या माजी खेळाडूचं नाव आहे.

पदाला किंवा शिष्यवृत्तीला नाव देतात तेव्हा तिथे बहुधा एंडोमेंट असतं, म्हणजे कायम ठेव. मुद्दल गुंतवायचं आणि दरवर्षी त्यातला चार-पाच टक्के भाग तेवढा खर्च करायचा. एका खेळाडूचा वर्षाचा खर्च ६० हजार डॉलर आणि काढायची रक्कम ४ टक्के धरली तर मुद्दल किती हवं? ६० हजार भागिले ०.०४, म्हणजे १५ लाख डॉलर. एका खेळाडूसाठी! पण एकदा ठेवले की ती शिष्यवृत्ती देणगीदाराच्या नातवंडांच्या काळातही चालू राहते.

आणि कधी कधी एकच माणूस सगळं गणित बदलून टाकतो. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा माजी विद्यार्थी, तेलसम्राट बून पिकन्स याने २००५च्या अखेरीस तिथल्या खेळांसाठी १६.५ कोटी डॉलर दिले. खेळविभागाला एवढी मोठी देणगी तोवर कुणी दिली नव्हती. ते पैसे गुंतवले गेले खुद्द पिकन्सच्याच फंडात, आणि २००८च्या मंदीत त्यांना जबर फटका बसला.

त्याच विद्यापीठाने २००७ मध्ये आणखी एक शक्कल लढवली. वयस्कर २७ देणगीदारांचे प्रत्येकी १ कोटी डॉलरचे आयुर्विमे काढायचे, हप्ते विद्यापीठाच्या बाजूने भरायचे, आणि एकेक जण गेला की रक्कम खेळविभागाला. एकूण २७ कोटी. कागदावर हिशेब चोख होता. दोन वर्षांत हप्त्यांपोटी सुमारे ३.३ कोटी डॉलर गेले, आणि एकही म्हातारा मेला नाही. योजना गुंडाळली, विमा कंपनीवर दावा लावला, तोही हरले. देणगीदाराच्या दीर्घायुष्याने विद्यापीठाचं नुकसान व्हावं अशी रचना करणाऱ्यांनी पुढच्या भेटीत त्याला “तब्येत कशी आहे?” हे कोणत्या तोंडाने विचारलं असेल?

५. बूस्टर नावाचं दुखणं

खेळविभागाला पैसे देणाऱ्या, संघाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला तिकडे ‘बूस्टर’ म्हणतात. त्याने विद्यापीठाला कोट्यवधी द्यावेत, पण खेळाडूला परस्पर काही देऊ नये, असा एनसीएए या नियामक संघटनेचा कित्येक दशकांचा दंडक होता. फंडरेझरच्या कामाचा एक मोठा भाग देणगीदारांना ‘नाही’ म्हणण्याचा असायचा : त्या पोराला गाडी वापरायला देऊ नका, त्याच्या आईचं विमानाचं तिकीट काढू नका.

हे ऐकलं नाही की काय होतं याचा दाखला म्हणजे टेक्ससमधलं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ. १९८५-८६ मध्ये तिथे १३ खेळाडूंना एका बूस्टरच्या पैशांतून सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेले, खेळविभागातल्या कर्मचाऱ्यांच्या मदतीने. आधीच शिक्षा भोगत असताना! पोरांना शब्द दिलाय तर तो पाळायचा, एकदम बंद केलं तर बोभाटा होईल, असा हिशेब वरच्या मंडळींनी केला होता. त्यात विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्सही होते, आणि प्रकरण बाहेर आलं तेव्हा ते राज्याचे गव्हर्नर होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने अख्खा फुटबॉल हंगाम रद्द केला. पुढचा हंगाम विद्यापीठाने स्वतःच सोडून दिला. तो संघ सावरायला दोन दशकं लागली.

उलटाही धोका असतो. २०१९च्या प्रवेश घोटाळ्यात स्टॅनफर्डच्या शिडांच्या बोटींच्या संघाचा प्रशिक्षक पकडला गेला. शिडाशी संबंध नसलेल्या मुलांना खेळाडू म्हणून शिफारस द्यायची आणि संघासाठी देणगी घ्यायची, असा प्रकार. विशेष म्हणजे त्याने स्वतःच्या खिशात एक पैसा घातला नव्हता, सगळं संघाच्या खात्यावर. लहान खेळाच्या प्रशिक्षकालाही देणग्या आणण्याचा दबाव असतो आणि त्या दबावाखाली माणूस काय विकायला काढतो, हे त्यावरून दिसलं.

म्हणूनच या व्यवसायाच्या संघटनेच्या आचारसंहितेत एक कडक नियम आहे : फंडरेझरने आणलेल्या रकमेवर टक्केवारी घ्यायची नाही. पगार घ्यायचा, कामगिरीवर बोनस चालतो, कमिशन नाही. आपल्याकडे हे सांगितलं की लोक आधी अविश्वासाने बघतात.

६. आता खेळाडूच पगार मागतो

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छायाचित्रावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. लगेच बूस्टरांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाच्या संस्था काढल्या. सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि खेळाडूंशी करार करायचे. काल जे पाप होतं ते आज उघड्यावर. काही कलेक्टिव्हनी धर्मादाय म्हणून करसवलत मिळवली, पण मुख्य हेतू खेळाडूला पैसे पोचवण्याचा असेल तर हे धर्मादाय नव्हे, असं आयकर खात्याने २०२३मध्ये बजावलं.

फंडरेझरची मात्र पंचाईत झाली. ज्याच्याकडे तो तलावासाठी दोन वर्षं जात होता, त्याच्याकडे कलेक्टिव्हवाला फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅकसाठी जाऊन आला. पुढे जून २०२५मध्ये न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. त्यानुसार विद्यापीठं स्वतः खेळाडूंना मिळकतीतला वाटा देऊ लागली, पहिल्या वर्षी कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. शिवाय जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत २८० कोटी डॉलरची भरपाई. त्यातला बहुतेक वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलवाल्यांचा, आणि कात्री लागते ती बाकीच्या खेळांना.

ही कात्री कशी अडवतात ते स्टॅनफर्डने आधीच दाखवलं होतं. जुलै २०२०मध्ये तिथे ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याची घोषणा झाली. त्यात कुस्तीही होती. माजी खेळाडू एकवटले, कोट्यवधी डॉलरची वचनं गोळा केली, काही कोर्टातही गेले. मार्च २०२१मध्ये शेन ग्रिफिथ हा स्टॅनफर्डचा मल्ल राष्ट्रीय विजेता झाला, तोही विद्यापीठाचं नाव नसलेला कोरा काळा पोशाख घालून. मे महिन्यात विद्यापीठाने निर्णय फिरवला.

या प्रकरणात फंडरेझरांनी एक गोष्ट नीट टिपून घेतली. माजी मल्ल ‘खेळविभागाला’ पैसे देत नव्हते, ते कुस्तीला देत होते. त्यामुळे आता पोहण्याच्या, वल्हवण्याच्या किंवा कुस्तीच्या माजी खेळाडूला भेटायला निघालेल्या माणसाच्या फाइलमध्ये एका शिष्यवृत्तीचा १५ लाखांचा आकडा पुरत नाही. प्रशिक्षकाचा पगार, प्रवास, सगळ्या शिष्यवृत्त्या धरून अख्खा संघ कायम ठेवीवर चालवायला किती लागतील, तो आकडा तो टेबलावर ठेवतो आणि गप्प बसतो.